अण्णांची साडेतीनची ड्यूटी

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

मी ५१ वर्षांचा. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. सकाळी आठला कामाला निघतो, संध्याकाळी सातला परततो. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७९ वर्षांचे आहेत. एसटीत ३४ वर्षं ड्रायव्हर होते. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. विसरणं आम्ही सांभाळून घेत होतो, पण गेल्या दीड-दोन महिन्यांत वागणं फार बिघडलंय. पहाटे साडेतीनला उठतात, ‘पहिली गाडी काढायचीय’ म्हणत दाराशी जातात. अडवलं की शिव्या आणि धक्काबुक्की. संध्याकाळी ‘मला घरी सोडा’ सुरू होतं, स्वतः बांधलेल्या घरात बसून! आंघोळ म्हटली की अंगावर येतात. परवा माझ्या पत्नीचा हात पिरगाळला. पेन्शनचे पैसे सुनेने चोरले, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. एका डॉक्टरांनी शांत राहण्याची गोळी दिली होती. त्या पंधरा दिवसांत अण्णा नुसते गुंगीत होते, लाळ गळायची, एकदा मोरीत पडले. मग मी ती गोळी बंद केली. आता शेजारी म्हणतात, परत सुरू करा. पुण्याचा भाऊ म्हणतो, ‘माझ्याशी तर फोनवर छान बोलतात, तुम्हालाच हाताळता येत नाही.’ अण्णांनी आम्हाला कधी खोटं बोलू दिलं नाही, म्हणून मीही प्रत्येक वेळी खरं काय ते शांतपणे समजावतो. तरी ते मुद्दाम हट्ट करतात. गोळीशिवाय हे सांभाळता येईल का?

*

बरंचसं येईल. एका आठवड्यात नाही आणि सगळं नाही, पण तुम्ही लिहिलेल्या त्रासांपैकी एकही असा नाही की ज्यावर पहिला उपाय गोळीच असावी. मात्र वागण्याकडे वळण्याआधी डॉक्टरांकडे एक फेरी मारायची आहे, आणि ती याच आठवड्यात.

तुम्ही लिहिलंत, ‘गेल्या दीड-दोन महिन्यांत’. अल्झायमरची उतरण हळूहळू होते. माणूस काही आठवड्यांत एवढा बदलला, तर बहुतेक वेळा आजाराच्या जोडीला आणखी काहीतरी झालेलं असतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला, तर ताप किंवा जळजळ नसतानाही नुसता गोंधळ आणि चिडचिड वाढू शकते. तुंबलेलं पोट, ठणकणारी दाढ, रक्तात कमी झालेलं सोडियम, कानात साठलेला मळ यांनीही तेच होतं. ‘मला दुखतंय’ हे अण्णांना आता सांगता येत नसेल. ते दुखणं मग हातातून आणि शिवीतून बाहेर पडतं.

एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. अण्णा मोरीत पडले, तेव्हा डोक्याला मार लागला होता का? या वयात अशा माराने डोक्याच्या आत रक्त हळूहळू साठत जाऊ शकतं आणि त्याची लक्षणं कित्येक आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका जास्त. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बंद केलेल्या गोळीचंही सांगा. तुमचं कारण चुकीचं नव्हतं, पण अशी औषधं आपल्या मनाने चालू-बंद करायची नसतात. घरातल्या सगळ्या औषधांची पिशवीच सोबत न्या. सर्दीच्या काही साध्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) रुग्णाचा गोंधळ वाढवतात, आणि आपण त्या ‘साध्या’ म्हणून सांगतही नाही.

हे तपासून झालं, की पुढचं सगळं घरातलं आहे.

‘मुद्दाम हट्ट करतात,’ असं तुम्ही लिहिलंय. मुद्दाम हट्ट करायला आधीचं लक्षात ठेवावं लागतं, पुढचा बेत आखावा लागतो. अण्णांचं नेमकं तेच गेलंय. ते सारखे ‘घरी सोडा’ म्हणतात, कारण पाच मिनिटांपूर्वी म्हटलेलं त्यांच्यापाशी नाही. प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच विचारत असतात. तुम्ही मात्र सतराव्यांदा ऐकत असता, म्हणून तुम्हाला हट्ट दिसतो. तुमचं दमणं खरं आहे, फक्त त्यामागे अण्णांचा डाव नाही.

आता साडेतीनची ड्यूटी. अण्णा रात्री किती वाजता झोपतात, हे पत्रात नाही. माझा अंदाज असा, की साडेसातला जेवण होतं आणि आठला ते गादीवर असतात, कारण दिवसभर राबलेल्या तुमच्या पत्नीला तेव्हा कुठे पाठ टेकायला मिळते. आठ ते साडेतीन म्हणजे साडेसात तास झाले. दुपारची झोप वेगळी. म्हणजे अण्णांची झोप पुरी झालेली असते! डोळे उघडतात तेव्हा अंधार, लघवी दाटलेली, आणि अंगात ३४ वर्षांची सवय. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला घरच्यांनी कधी उठवावं लागत नसे, तुम्हालाही ते आठवत असेल. आठवणी पुसल्या, तरी हातापायांच्या सवयी फार उशिरापर्यंत टिकतात. अण्णा आजाराने उठत नाहीत, इमानदारीने उठतात.

म्हणून दुपारची झोप खुर्चीतल्या अर्ध्या तासावर आणा. सकाळी उन्हात फिरवा किंवा निदान ओट्यावर बसवा, दिवस-रात्रीचं घड्याळ उजेडाने लागतं. झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी पुढे ढकलत साडेनऊ-दहापर्यंत न्या. पाणी दिवसभर भरपूर, संध्याकाळनंतर बेताचं. पडवीत आणि संडासापाशी रात्रभर मंद दिवा ठेवा. आणि ते उठले, की दारावर झुंज देण्याआधी त्यांना लघवीला न्या. निम्म्या रात्री प्रश्न तिथेच मिटेल.

उरलेल्या रात्री दाराशी काय बोलायचं? इथे तुमच्या प्रामाणिकपणाचा मुद्दा येतो, आणि तो मी हलक्याने घेणार नाही.

माझी आत्या याच आजारात गेली. रोज दुपारी चारला ती मुलांना शाळेतून आणायला निघायची. मुलं तेव्हा पन्नाशीला आलेली. मी तिला अगदी प्रेमाने, तुमच्यासारखंच, खरं सांगायची, ‘आत्या, मुलं मोठी झाली, नोकरीला लागली.’ ती माझ्याकडे बघत राहायची आणि म्हणायची, ‘मग मला कुणी सांगितलं का नाही?’ रोज चारला तिची मुलं तिच्या नकळत मोठी होत होती, आणि ती बातमी रोज मी देत होते. ते खरं तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. मी खरं बोलले, एवढंच समाधान माझं मला मिळत होतं. मला हे कळायला वर्ष गेलं.

खोटं बोलायलाच हवं असंही नाही. आधी विचारा, ‘कुठली गाडी आज, अण्णा?’ ‘कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की कशी काढायचात हो गाडी?’ यात काही खोटं नाही. माणूस बोलू लागतो, बोलता बोलता दारापासून खुर्चीपर्यंत येतो, चहाचा कप हातात घेतो. नाहीच ऐकलं, तर त्यांच्या जगात जाऊन बोला, ‘आज गाडी मुक्कामी आहे अण्णा, उजाडल्यावर सुटणार. कंडक्टरही यायचाय अजून. जरा पाठ टेका.’ ज्यांनी मुलांना खोटं बोलू दिलं नाही, त्यांच्याशी असं बोलताना तुमची जीभ अडखळेल. पण तुम्ही त्यांना फसवून काही मिळवत नाही, त्यांची भीती उतरवताय. कुठल्या कागदावर सही घ्यायला असं बोललात, तर ते खोटं. सुनेला चारचौघांत कमीपणा येईल असं बोललात, तर तेही खोटं. ही रेघ मी माझ्यासाठी आखली होती, तुम्हाला पटली तर घ्या.

आंघोळीबद्दल तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला पुन्हा वाचावं लागलं. तुम्ही आठला घराबाहेर पडता, मग अण्णांना आंघोळ कोण घालतं? तुम्ही सांगितलेलं नाही, पण पिरगाळला गेला तो हात तुमच्या पत्नीचा आहे.

अण्णांच्या पिढीत सासरा ओसरीवर आला की सून आत जायची. त्या माणसाच्या अंगावरचे कपडे आता सून उतरवते. ती कोण, हे त्यांना कधी कळतं, कधी कळत नाही. कळलं तर लाज, नाही कळलं तर परकी बाई! दोन्ही वेळा ते हात झटकणारच. बाकी खूप काही पुसलं गेलंय, लाज शाबूत आहे. यातला राग आजाराचा नाही, तुमच्या जुन्या अण्णांचाच आहे. तुमच्या पत्नीवर काय गुदरत असेल, तेही बघा. आंघोळ घालणं ही ‘सेवा’ झाली की ती आपोआप सुनेच्या वाट्याला येते, आणि तिने नको म्हणायची सोय उरत नाही.

तेव्हा आंघोळ तुम्ही घाला. सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी सातनंतर घाला. आंघोळ सकाळचीच असते, हा नियम आपला आहे. रोज घालायचीही गरज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. इतर दिवशी कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने अंग पुसलं तरी माणूस स्वच्छ राहतो. तुम्हाला अगदीच शक्य नसेल, तर तेवढ्या तासापुरता पुरुष मदतनीस ठेवा. भावाला खर्च उचलायचा असेल, तर तो इथे उचलू दे.

घालण्याची रीत बदला. पाणी आधीच काढून ठेवा, ओल्या मोरीत उघड्याने थांबायला लागलं की कुणीही बिथरतं. खाली न घसरणारी चटई, बसायला प्लॅस्टिकचं स्टूल. पंचा कमरेला असू द्या, त्यावरूनच पाणी घाला. सुरुवात पायांपासून करा. डोक्यावर एकदम पडलेला तांब्या त्यांना हल्ल्यासारखा वाटतो. तांब्या त्यांच्याच हातात द्या, साबण त्यांच्याच हातात द्या, आणि त्यांच्या हाताखाली आपला हात ठेवून आधार द्या. मनगट धरून ओढलं की ते सोडवून घेणार, मग त्याला आपण मारहाण म्हणतो. नाही म्हणाले तर वीस मिनिटांनी पुन्हा विचारा. तरीही नाही, तर राहू द्या. एका आंघोळीसाठी कुणाचा हात मोडायला नको.

तीच गोष्ट एकूण अंगावर येण्याची. मागून जाऊ नका, समोरून पण जरा बाजूला उभं राहून बोला, एका वेळी एकच छोटं वाक्य. आवाज चढायला लागला, की दोन पावलं मागे सरा आणि विषय तिथेच सोडा. दहा मिनिटांनी अण्णा भांडण विसरलेले असतील. या आजाराने घेतलंय खूप, पण ही एक सवलत दिलीय.

चोरीचा आळ. जवळपास प्रत्येक घरात तो येतो, आणि जवळपास प्रत्येक घरात तो सगळ्यात जास्त करणाऱ्या माणसावर येतो, कारण समोर सतत तेच माणूस असतं. पैसे सापडत नाहीत, ठेवल्याचं आठवत नाही. ‘मी विसरलो’ हे कळण्यापेक्षा ‘कुणीतरी घेतलं’ हे मनाला सोसतं. ‘ती कशाला चोरेल?’ असा वाद घालू नका. ‘पैसे दिसत नाहीत का? चला, शोधू या,’ म्हणा आणि खरोखर शोधा. गादीखाली, सदऱ्याच्या खिशात, तांदळाच्या डब्यात, म्हणजे त्यांच्या लपवायच्या जागा तुम्हाला हळूहळू कळतील. एका जुन्या पाकिटात दहा-दहाच्या पाच-सात नोटा घालून ते त्यांच्या खिशात राहू द्या. खिसा जड असला की माणूस निवांत असतो. पण त्यांना शांत करण्यासाठी ‘थांबा, बघतो तिच्याकडे’ असं पत्नीसमोर चुकूनही म्हणू नका. आणि शेजाऱ्यांना आजाराचं नाव घेऊन सांगा. ‘म्हातारचळ लागलाय’ असं म्हणत राहिलात, तर लोक त्या आळावर निम्मा तरी विश्वास ठेवतील.

संध्याकाळच्या ‘घरी सोडा’ला डॉक्टरांकडे वेगळं नाव आहे, आपल्याकडे त्या वेळेचंच नाव कातरवेळ आहे. उजेड सरतो, सावल्या लांबतात, दिवसभर ताणून धरलेला मेंदू थकतो. भिंतीवरचं वाळत घातलेलं धोतर माणूस वाटतं, आरशातला म्हातारा परका वाटतो. अशा वेळी ‘हेच तुमचं घर’ म्हणून उपयोग नाही. त्यांना हवं ते घर पत्त्याचं नसतं, जिथे आई होती आणि काही चुकत नव्हतं ते असतं. ‘घरी कोण कोण असेल आत्ता?’ असं विचारून बघा. आणि वेळेच्या आधी तयारीला लागा. साडेचारला खायला द्यायचं, पाचला गल्लीतून एक चक्कर, अंधार पडण्याआधीच सगळे दिवे. टीव्हीवरच्या आरडाओरड्याच्या बातम्या त्या वेळी बंद. पाठ असलेला हरिपाठ किंवा लहानपणापासून कानावर पडलेले अभंग लावा. बोलणं तुटलेली माणसंही अभंगाची पुढची ओळ बरोबर उचलतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

दिवसभर हाताला काम हवं. इथे बऱ्याच घरांत चूक होते, रुग्णाला जपमाळ देऊन बसवतात. अण्णा ड्रायव्हर होते. बादली आणि फडकं देऊन स्कूटर पुसायला सांगा. जुने नट-बोल्ट डब्यात घालून आकाराप्रमाणे वेगळे करायला द्या. किल्ल्यांचा एक जुडगा त्यांचाच असू द्या. नीट झालं नाही तर त्यांच्यादेखत पुन्हा करू नका. इतर वाचकांसाठी म्हणून सांगते, स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला मटार सोलायला, वाती वळायला, मेथी निवडायला द्या. शिक्षकाला वह्या आणि लाल पेन द्या.

दाराला बाहेरून कुलूप घालून त्यांना एकटं ठेवू नका, आग-अपघातात ते जिवावर बेतेल. आतून कडी नेहमीच्या जागेऐवजी फार वर किंवा फार खाली बसवा, दारावर घंटी लावा, चपला नजरेआड ठेवा, चप्पल दिसली की पाय निघतात. खिशात नाव आणि तुमचा नंबर असलेलं कार्ड, मोबाइलमध्ये ताजा फोटो. आणि अण्णा निघालेच, तर जाणार कुठे? एसटी स्टँडवर. तेव्हा तिथल्या कंट्रोलरला, कँटीनवाल्याला, रिक्षा स्टँडला आजच सांगून ठेवा.

हे सगळं एकदम करायला गेलात तर घर कोलमडेल. एक वही घाला. अण्णा लॉगशीट भरायचे, आता तुम्ही भरा. किती वाजता काय झालं, त्याआधी काय चाललं होतं, जवळ कोण होतं, तुम्ही काय केलं, कशाने निवळलं. पंधरा दिवसांत नमुने दिसतील. मग एकच त्रास निवडा, एकच बदल करा, आठवडाभर बघा. डॉक्टरांनाही ‘फार त्रास देतात’ यापेक्षा ही वही कामाची.

गोळीला मी शत्रू मानत नाही. अँटीसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम आणि आक्रमकपणा आवरायला देतात त्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आणि २००८ साली तो या वर्गातल्या जुन्या औषधांनाही लागू केला. पडणं, गुंगी, लाळ गळणं तुम्ही पाहिलंच आहे. शिवाय ‘घरी सोडा’ म्हणणं, येरझाऱ्या घालणं, आंघोळीला नकार देणं यांवर या गोळ्यांचा खरा उपयोग नसतो, माणूस नुसता झोपून राहतो. तरीही अण्णांच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, भासांनी ते भयभीत होत असतील आणि हे सगळं करूनही उतार नसेल, तर कमीत कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली गोळी घ्यावी लागते. त्यात अपराधी वाटून घेऊ नका. फक्त त्यांना घरात नसलेली मुलं, जनावरं दिसत असतील किंवा चाल ताठरली असेल, तर गोळीआधी हे जरूर सांगा. स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात ही औषधं गंभीर अपाय करतात.

अण्णा फोनवर छान बोलतात, हे भावाचं म्हणणं खोटं नाही. पाच मिनिटांच्या फोनसाठी हे रुग्ण सगळी शक्ती एकवटतात आणि चांगलं बोलतात, मग तासभर त्याचा शीण आपल्यावर निघतो. भावाशी वाद नको. त्याला चार दिवस राहायला बोलवा आणि ते चार दिवस तुम्ही दोघं घराबाहेर राहा. परत आल्यावर त्याच्याशी पैशाचं आणि पाळीचं बोला.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या तालुक्यात तुम्ही एकटे नाही, पण प्रत्येक जण दार लावून बसला आहे. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ या दोन्ही सरकारी मोफत सेवा आहेत. टेली-मानसला तुमच्या पत्नीनेही फोन करावा, अण्णांसाठी नाही, स्वतःसाठी.

तुमच्या पत्रात त्या चार ठिकाणी येतात आणि एकदाही बोलत नाहीत. आज रात्री अण्णा झोपल्यावर त्यांना एवढंच विचारा, दिवसातली कुठली एक गोष्ट तुझ्याकडून काढून घेऊ? आंघोळ असेल असं मला वाटतं, पण उत्तर त्यांचं असू द्या. वहीची पंधरा पानं भरली की मला कळवा. साडेतीनच्या गाडीचं काय झालं, ते मला वाचायचं आहे.